थकलेली दिसतेस

कॉस्मेटिक उपचार करून घेतलेल्या माझ्या ओळखीच्या माणसांपैकी एकानेही मला "सुंदर दिसायचं होतं" असं सांगितलेलं नाही. ज्यांना कारण विचारावं इतकी जवळीक होती, त्यांनी सांगितलं ते असं. "सगळे विचारायचे, बरं नाही का गं?" "मीटिंगमध्ये मी नुसती गप्प बसले तरी लोकांना वाटायचं मी चिडलेय." "व्हिडिओ कॉलवर समोरच्याकडे लक्षच लागायचं नाही, मी आपली स्वतःच्या हनुवटीखाली बघत बसायचे." केस रोवून घेतलेला एक जुना सहकारी म्हणाला, "बोलताना माणसांची नजर आधी माझ्या टाळूवर जायची आणि मग डोळ्यांकडे यायची. तेवढा एक क्षण मला नको होता."

ही सगळी सुटका मागणारी वाक्यं आहेत. कोणाला उठून दिसायचं नाहीये. उलट कोणाच्या नजरेत अडकू नये, चेहऱ्याबद्दल कोणी काही बोलू नये, एवढंच हवं आहे. या उपचारांबद्दल चर्चा होते तेव्हा एक बाजू म्हणते हा सगळा दिखाऊपणा, दुसरी म्हणते ज्याचं शरीर त्याचा हक्क. दोन्ही बाजू क्लिनिकमधल्या त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडेच बोट दाखवतात. मला मात्र त्या खोलीत नसलेल्या माणसांबद्दल बोलावंसं वाटतं. म्हणजे बघणाऱ्यांबद्दल, आपल्या सगळ्यांबद्दल.

माझी एक मैत्रीण शाळेत शिकवते. पन्नाशीच्या आसपास तिच्या दोन भुवयांमध्ये कोरल्यासारख्या दोन उभ्या रेषा दिसू लागल्या. वर्षानुवर्षं वह्या तपासताना, फळ्याजवळून शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकताना ती कपाळ आक्रसून बघायची, त्याच्याच त्या खुणा. मुलं विचारायची, "बाई, रागावलात का?" रागावलेली नसताना दिवसभर "नाही रे" म्हणत राहायचं तिला सोसेना. आता ती दर तीन-चार महिन्यांनी त्या रेषांच्या जागी बोटॉक्स घेते. मला तिने हे अगदी सहज सांगितलं, लपवाछपवी न करता, आणि तिच्या त्या सरळपणाचा मला आदर वाटतो.

बोटॉक्स म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, एका जिवाणूचं विष. स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत पाठवतो. हे विष तो निरोप सुटूच देत नाही. अतिशय सूक्ष्म मात्रेत, नेमक्या स्नायूत दिलं की तेवढाच स्नायू सैल पडतो आणि वरची त्वचा दुमडायची थांबते. काही महिन्यांनी निरोपांची ये-जा पुन्हा सुरू होते, रेषाही परत येते. म्हणून हा उपचार एकदा करून संपत नाही.

या औषधाचा प्रवास मला फार बोलका वाटतो. ते आलं डोळ्यांच्या दवाखान्यातून. ॲलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून ते वापरून पाहिलं. १९८९ साली अमेरिकेत तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. त्याच काळात कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जीन करूदर्स या नेत्रतज्ज्ञ अशाच पापण्यांच्या रुग्णांना ही इंजेक्शनं देत होत्या. एका रुग्ण स्त्रीने त्यांच्याकडे तक्रार केली, या वेळी भुवयांमध्ये इंजेक्शन का दिलं नाहीत? तिथे दिलं की माझा चेहरा निर्धास्त दिसतो. जीन यांचे पती ॲलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून त्याचा अभ्यास केला आणि १९९२ साली निबंध प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळायला २००२ साल उजाडलं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या त्या बाईने तरुण दिसायची मागणी केली नव्हती. आपल्याला काही चिंता नाही असं लोकांना वाटावं, एवढंच तिला आवडलं होतं. माझ्या मैत्रिणीचं म्हणणंही याहून वेगळं नाही.

आता आकडे. प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ साली जगभरात सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनं-लेझरसारखे उपचार मिळून सुमारे ३ कोटी ४९ लाख झाले. त्यातले निम्म्याहून अधिक शस्त्रक्रियेशिवायचे होते आणि एकट्या बोटुलिनमचे जवळजवळ ८९ लाख. हा अंदाज प्लास्टिक सर्जनांच्या कामावरून बांधलेला आहे. त्वचारोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि कुठल्याही पदवीशिवाय हातात सुई घेणारे यांचं काम त्यात धरलं, तर आकडा कितीतरी मोठा होईल.

या इतिहासातली एक हकिकत मला सोडवत नाही. १८९६ साली बर्लिनमध्ये जाक योझेफ नावाच्या तरुण शल्यचिकित्सकाकडे एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलाचे कान मोठे आणि बाहेर आलेले. ऐकू स्वच्छ येत होतं, दुखत काहीच नव्हतं. पण वर्गातली मुलं इतकी चिडवायची की त्याने शाळेत जायचंच नाकारलं होतं. योझेफ यांनी शस्त्रक्रिया केली. कान नीट बसले, मुलगा आनंदला, आणि योझेफ यांची नोकरी गेली. धडधाकट अवयवावर केवळ दिसण्यासाठी सुरी चालवणं त्यांच्या वरिष्ठांना मान्य नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी एका माणसाचं मोठं नाक लहान केलं आणि ती हकिकत डॉक्टरांच्या सभेपुढे मांडली. हा माणूस लोकांत जायचं टाळायचा. शस्त्रक्रियेनंतर तो कोणाच्या लक्षात न येता हिंडू शकतो याचा त्याला आनंद आहे, असं योझेफ यांनी नोंदवलं आहे.

कोणाच्या लक्षात न येता. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही इच्छा आणि माझ्या सहकाऱ्याची टाळूबद्दलची इच्छा एकच आहे.

त्या मुलाचा विचार करताना मला दरवेळी वाटतं, आजार नक्की कुठे होता? कानात तर नव्हता. उपचार झाला कानांवर, आणि चिडवणाऱ्या जिभा जिथे होत्या तिथेच राहिल्या. उद्या त्या दुसऱ्या कोणाकडे वळल्या असतील, एखाद्या तोतऱ्या किंवा जाड्या मुलाकडे. तरीही मी त्या आईच्या जागी असते तर मुलाला घेऊन गेले असते. वर्ग सुधारेपर्यंत वाट बघ, असं रडणाऱ्या लेकराला कोणती आई सांगेल? म्हणून उपचार घेणाऱ्याला दोष देणारं कोणतंही बोलणं मला क्रूर वाटतं. पण ती शस्त्रक्रिया यशस्वी झाली एवढ्यावर हकिकत संपवायलाही माझं मन तयार नाही. तो वर्ग तसाच राहिला.

पहिल्या महायुद्धात बॉम्बगोळ्यांनी आणि गोळ्यांनी हजारो सैनिकांचे चेहरे फोडले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी वेगळं रुग्णालय उभं करवून घेतलं. १९१७ साली सिडकप इथे ते सुरू झालं आणि तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा पाया तिथे घातला गेला. वॉर्डात आरसे ठेवत नसत. रुग्णालयाकडून गावात जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळ्या रंगाने रंगवले होते. तिथे चेहरा विद्रूप झालेला सैनिक बसलेला असू शकतो, हे गावकऱ्यांना आधीच कळावं आणि त्यांना धक्का बसू नये, यासाठी ही सोय.

दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी होरपळलेल्या वैमानिकांवर उपचार केले. त्यांनी शस्त्रक्रिया तर केल्याच, शिवाय आणखी एक गोष्ट केली. रुग्णांना रुग्णालयाचे ओळखू येणारे कपडे घालायची सक्ती काढून टाकली आणि गावातल्या कुटुंबांना विनंती केली, या मुलांना घरी बोलवा, त्यांच्याशी नेहमीसारखं बोला. लोकांनी खरोखर ते केलं. पापण्या नसलेले, नाकाच्या जागी कातडीची गुंडाळी लोंबणारे तरुण गावात फिरायचे, दुकानात जायचे, आणि कोणी टक लावून बघत नसे. टक लावून न बघणारं गाव, अशीच त्या गावाची ओळख झाली. त्या रुग्णांनी १९४१ साली स्वतःचा क्लब काढला आणि त्याला नाव दिलं गिनिपिग क्लब, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांचा क्लब. युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सभासद झाले होते.

एका गावात बाक रंगवले, म्हणजे लोकांना नजर वळवायला सांगितलं. दुसऱ्या गावात लोकांना बघायला शिकवलं. शस्त्रक्रियेचं कौशल्य दोन्हीकडे असामान्य होतं. पण मॅकिंडो यांनी गावालाही उपचारात धरलं. चेहऱ्याचं दुखणं चेहरा असलेल्या माणसाच्या आणि बघणाऱ्याच्या मधोमध असतं, हे त्यांना कळलं होतं. आज सौंदर्योपचार इतके पुढे गेले, आणि तो धागा मात्र आपण सोडून दिला असं मला वाटतं. आता बघणाऱ्याकडून कोणी काहीच मागत नाही. सगळं बदलायचं ते ज्याच्याकडे बघितलं जातं त्याने.

आणि आता बघणारी फक्त माणसं राहिलेली नाहीत. माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. एके दिवशी तिने मला मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक तिचा, दुसराही तिचाच, पण फिल्टर लावलेला. नाक बारीक, ओठ भरलेले, त्वचेवर एकही छिद्र नाही. "मावशी, ही पण मीच आहे ना? थोडासाच फरक आहे." तो थोडासा फरक तिला भरून काढायचा होता, ओठांत फिलर, म्हणजे भर घालणारं इंजेक्शन, आणि नाकाला काहीतरी. पूर्वी लोक नटनट्यांचे फोटो घेऊन सर्जनकडे जायचे. गेल्या दशकात स्वतःचेच फिल्टर लावलेले फोटो घेऊन येणारे वाढले आणि डॉक्टरांनी २०१८ च्या सुमाराला त्याला 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे फिल्टरवाल्या ॲपमुळे आपलाच चेहरा सदोष वाटणं. नटीसारखं दिसणं शक्य नाही हे मनाला कुठेतरी माहीत असतं. पण समोर आपलाच चेहरा असला, तर तो आपल्याकडून कोणीतरी हिरावून घेतल्यासारखा वाटतो.

तिला मी उपदेश केला नाही. भिंतीशी उभं केलं, पाच फूट मागे गेले आणि फोटो काढला. मग तो तिच्या सेल्फीशेजारी ठेवला. २०१८ सालीच अमेरिकेतल्या सर्जनांनी गणिताने दाखवून दिलं होतं की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याच्या जवळ जे असतं ते मोठं दिसतं आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाक असतं. रोज स्वतःला हातभर अंतरावरून बघणारी ही पिढी जगात कोणालाच न दिसणारं नाक बघत मोठी होते आहे. भाची दोन्ही फोटोंकडे बराच वेळ बघत राहिली. ओठांचा विचार तिने सोडलेला नाही. नाकाचं मात्र त्यानंतर नाव काढलेलं नाही.

आरशाचीही गंमत अशीच आहे. १९७७ साली केलेल्या एका प्रयोगात तरुणींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक खरा आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. त्यांना उलटा जास्त आवडला आणि त्यांच्या जिवलगांना खरा. ज्याला जो चेहरा रोज दिसतो तो त्याला प्रिय. मला हा प्रयोग फार दिलासा देतो. माझ्यावर माया करणाऱ्यांना आवडणारा माझा चेहरा मी आरशात कधी पाहिलेलाच नाही, आणि तो मला दुरुस्तही करता येणार नाही.

"मी हे स्वतःसाठी करते," असं मैत्रीण म्हणते तेव्हा ती खरं बोलते. रेषा गेल्यापासून ती वर्गात मोकळी असते, हे मी पाहते. पण तिच्याच शाळेच्या शिक्षक-खोलीत हळूहळू आणखी काही कपाळं गुळगुळीत झाली आहेत, आणि ज्यांची नाहीत त्यांना आता "तब्येत सांभाळा" असं ऐकावं लागतं. निर्णय प्रत्येकीचा एकटीचा, माप मात्र सगळ्यांचं बदलतं. पूर्वी वय चेहऱ्यावर यायचं. आता ते 'येऊ दिलं' असं म्हणतात, जणू काही त्या बाईने हलगर्जीपणा केला. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी ही आता 'समस्या' झाली आहे, ती तर हसणाऱ्या तान्ह्या बाळाच्याही गालावर पडते. विशीतल्या मुलींना रेषा पडूच नयेत म्हणून आधीपासून बोटॉक्स सुचवलं जातं, तेव्हा मला खरोखर भीती वाटते. ज्यांना हे परवडत नाही, ज्यांना सुईची भीती आहे, ज्यांना फक्त नकोच आहे, त्यांच्यासाठी साधा चेहरा घेऊन जगणं दरवर्षी थोडं अवघड होत चाललं आहे. हे ओझं त्यांनी मागितलं नव्हतं.

कायद्याने काही ठिकाणी पावलं उचलली आहेत. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं गुन्हा आहे. फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातींमधले बारीक केलेले, गुळगुळीत केलेले देह तसे असल्याचं छापायला लावलं. इन्स्टाग्रामने २०१९ साली प्लास्टिक सर्जरीची नक्कल करणारे फिल्टर काढायचं जाहीर केलं. मला ही पावलं छोटी वाटतात, पण ती बघण्याच्या बाजूने टाकलेली आहेत, म्हणून मोलाची वाटतात.

भाजल्यावर, कर्करोगाने स्तन गेल्यावर, अपघातात जबडा मोडल्यावर हीच विद्या माणसाला पुन्हा उभं करते, आणि त्या उपचारांची आणि कपाळावरच्या रेषांची सीमारेषा मला काढता येत नाही. बोटॉक्स मुळात डोळ्यांचंच औषध होतं. कोणाचं दुःख खरं आणि कोणाचं हौशी, हे ठरवायला मी कोण? पण एक दुःख असं आहे की त्यावर सुरी चालत नाही. स्वतःच्या चेहऱ्यातला, इतरांना दिसतही नसलेला दोष दिवसभर डोक्यात घोळत राहतो, माणूस तासन् तास आरशासमोर असतो किंवा आरसाच टाळतो. मानसोपचारात याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. शंभरात सुमारे दोन माणसांना तो असतो, आणि कॉस्मेटिक क्लिनिकच्या दारात येणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण याहून बरंच जास्त आढळतं. या माणसांना शस्त्रक्रियेने सहसा बरं वाटत नाही, दोष फक्त जागा बदलतो. त्यांना समुपदेशन आणि औषधं उपयोगी पडतात. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० सालीच लिहून ठेवलं होतं की काही रुग्ण उत्तम शस्त्रक्रियेनंतरही आरशात बघून म्हणतात, काहीच बदललं नाही. अशा माणसाला ओळखून नकार देणारा डॉक्टर मला सगळ्यात मोठा वाटतो. त्या नकाराचे पैसे त्याला मिळत नाहीत.

मी स्वतः काय करते? माणूस भेटल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर, वजनावर, केसांवर बोलायचं बंद केलं आहे. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे, कारण "किती बारीक झालीस", "थकलेली दिसतेस", "ओळखूच आला नाहीस" यांतच आपलं अर्धं स्वागत असतं. आणि ते प्रेमानेच म्हटलेलं असतं. त्याऐवजी आता मी विचारते, सध्या काय वाचतेस, झोप होते ना, आईचं कसं आहे. थकवा असेल तर तो माणूस आपणहून सांगतो.

मैत्रिणीला आता डोळ्यांखालच्या खोलगट जागेत फिलर भरून घ्यायचा आहे. मी सोबत जाणार आहे. तिचा निर्णय बदलावा म्हणून नव्हे. डॉक्टर समोर असताना प्रश्न सुचत नाहीत, म्हणून मी ते लिहून घेतलेत. भरणार ते हायल्युरॉनिक ॲसिडच आहे ना, म्हणजे गरज पडली तर विरघळवता येईल? ते विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हाताशी ठेवलेलं आहे का? फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. तसं झालंच तर पहिल्या काही मिनिटांत इथे कोण काय करणार? सुई कोणाच्या हातात असणार, आणि त्यांचं शिक्षण काय? कुपीचं सील आमच्यासमोर फोडणार का?

आणि एक प्रश्न माझा स्वतःचा आहे. "तुम्हाला याची गरज नाही" असं सांगून तुम्ही शेवटचं कोणाला परत पाठवलंत? हे आठवायला त्यांना फार वेळ लागला, तर आम्ही दुसरा डॉक्टर शोधू, हे मैत्रिणीने कबूल केलं आहे.